मृगाआधीचे घर

प्रस्तावना

घर एकदा बांधले की ते आपले आपण उभे राहते, असा पुष्कळांचा समज असतो. पण ऊन, वारा आणि पाऊस घराला दरवर्षी थोडे थोडे झिजवत असतात. उन्हाळ्यात घराकडून दोन अपेक्षा असतात. आत राहणाऱ्यांना त्याने उन्हापासून वाचवावे आणि पुढे येणाऱ्या पावसासाठी तयारही व्हावे. या दोन्ही कामांसाठी मिळणारा काळ फार थोडा असतो. म्हणूनच कोणते काम आधी करावे आणि कोणते मागाहून, हे ठाऊक असणे महत्त्वाचे ठरते.

प्रस्तुत पाठ माहितीपर आहे. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील गोल बाजाराच्या मागच्या एका गल्लीतील मराठी कुटुंबाच्या आधारे ही माहिती दिली आहे. कुटुंब कल्पित आहे; परंतु बाजार, ऋतू आणि कामे मात्र खरी आहेत. पाठ वाचून झाल्यावर उन्हाळ्यातील घराच्या देखभालीची कामे आणि त्यांमागील कारणे तुम्हाला आपल्या शब्दांत सांगता येतील, तसेच घराच्या छपराशी संबंधित मराठी शब्द व म्हणी योग्य ठिकाणी वापरता येतील.

मूळ पाठ

१. बाजाराचे पंचांग

मालवीय रस्त्यालगतचा गोल बाजार हा रायपूरमधील जुन्या बाजारांपैकी एक आहे. जन्मापासून अंत्यविधीपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू येथे मिळते, असे रायपूरकर म्हणतात. चैत्र लागला की या बाजारातील दुकानांपुढची मांडणी बदलू लागते. वाळ्याच्या जुड्या, कूलरच्या ताट्या, माठ, चुन्याच्या पिशव्या आणि कुंचे पुढे येतात. अक्षय तृतीयेला छत्तीसगडीत ‘अक्ती’ म्हणतात. त्या सुमारास मातीच्या पुतरा-पुतरी विक्रीस येतात आणि मुले त्यांची लग्ने लावतात. मे महिना सरत आला की त्याच फळ्यांवर ताडपत्री, सुतळी, प्लास्टिकचे कागद आणि छत्र्या दिसू लागतात. ज्याला पंचांग वाचता येत नाही, त्यालाही हा बाजार पाहून कळते की आता घराचे कोणते काम अंगावर आले आहे.

रायपूरमध्ये मराठी कुटुंबे फार पूर्वीपासून राहत आली आहेत. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून येथील कारभार पाहिला. पुढे इंग्रजी अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही १९५६ पर्यंत रायपूर व नागपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे येथील मराठी घरांतील भाषेवर विदर्भाची छाप आहे. पुण्याकडे ज्याला ‘कौल’ म्हणतात, त्याला येथे ‘कवेलू’ म्हणतात, तर छत्तीसगडी शेजारी ‘खपरा’ म्हणतात. तिन्ही शब्द एकाच मातीच्या वस्तूचे आहेत.

आपण ज्या घराविषयी वाचणार आहोत, ते तीन काळांत बांधले गेले आहे. मधले माजघर सर्वांत जुने. त्याच्या मातीच्या भिंती जाड असून वर देशी कवेलू आहेत. समोरची खोली पुढच्या पिढीने बांधली, तिच्यावर सिमेंटचा स्लॅब आहे. मागचे स्वयंपाकघर लोखंडी पत्र्याचे आहे. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि शाळेत जाणारी नात अशी चार माणसे राहतात. मुलगा गोल बाजारातच भांड्यांच्या दुकानात नोकरी करतो. गेल्या मे महिन्यात भर दुपारी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना आजींना भोवळ आली. त्या खाली बसल्या आणि समोर उभ्या असलेल्या सुनेला काही क्षण ओळखेनात. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. चार दिवसांनी त्या घरी परतल्या, पण तेव्हापासून चैत्र लागला की मुलगा पत्र्याकडे पाहू लागतो.

२. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा

सूर्य रोहिणी नक्षत्रात प्रवेश करतो तो दिवस साधारणपणे २५ मे हा असतो. तेव्हापासूनच्या नऊ दिवसांना रायपूरकडे ‘नवतपा’ म्हणतात. या दिवसांत पारा ४५ अंशांच्याही पुढे जाऊ शकतो. यामागे एक सोपे भौगोलिक कारण आहे. रायपूर सुमारे २१ अंश १५ कला उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या २६-२७ तारखेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्या बुडाशी जाते. आकाश निरभ्र असते, वारा कोरडा असतो आणि जमिनीत ओल उरलेली नसते.

या गोष्टीचा घराशी संबंध काय? सूर्य डोक्यावर असला म्हणजे दुपारचे ऊन भिंतींवर कमी आणि छपरावर अधिक पडते. भिंतींपैकी पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची भिंत तिसऱ्या प्रहरी तापते. दक्षिणेच्या भिंतीला या दिवसांत फारसे ऊन लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात जवळ पैसे थोडे असतील, तर ते आधी छपरावर आणि मग पश्चिमेच्या खिडकीवर खर्च करावेत. पुष्कळ कुटुंबे नेमके उलट करतात. ती आधी यंत्र विकत आणतात आणि तापलेल्या छताखाली ते रात्रंदिवस चालवतात.

तीन प्रकारची छपरे तीन प्रकारे तापतात. पत्रा पातळ असल्यामुळे ऊन पडताच तापतो आणि सूर्य मावळला की लवकर निवतो. स्लॅब जाड असतो. तो दिवसभर उष्णता शोषून घेतो आणि सायंकाळपासून रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, छप्पर उंच असते आणि खालच्या मातीच्या भिंतीही सावकाश तापतात. त्यामुळे माजघर दुपारी सर्वांत सुसह्य असते. हे लक्षात आल्यावर सुनेने पहिला बदल केला तो वेळापत्रकात, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा, दुपारी अकरा ते पाच पत्र्याखाली कोणी थांबायचे नाही, आजींची बाज माजघरात टाकायची आणि रात्री स्लॅबच्या खोलीऐवजी अंगणात किंवा माजघरात झोपायचे.

वृद्ध माणसांना तहान कमी जाणवते. त्यांना पाणी मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने द्यावे. डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे ही उन्हाच्या त्रासाची सुरुवात असते. माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळख विसरला किंवा त्याचे अंग भाजल्यासारखे तापले, तर त्यास उष्माघात समजून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत निजवून अंग ओल्या कापडाने पुसत, वारा घालत राहावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

३. चुना आणि कुरडया

स्लॅबवर पांढरा चुना देण्याचे ठरले, तेव्हा घरात एक अडचण उभी राहिली. चैत्र-वैशाखात आजींचे वाळवण असते. कुरडया, पापड, सांडगे आणि शेजारणीकडून शिकलेली छत्तीसगडी बडी, हे सारे त्याच गच्चीवर वाळत असे.

“आई, आधी चुना की आधी कुरडया?” सुनेने विचारले.

“कुरडया आधी. उन्हाला काय, ते महिनाभर आहेच,” आजी म्हणाल्या.

“पण खोली आतापासूनच तापते आहे ना.”

आजींनी क्षणभर विचार केला. “मग चुना दे. दोन दिवस कडक वाळू दे आणि वर माझी जुनी नऊवारी पातळे अंथर. पण सूनबाई, चुना भिजवताना नातीला खाली ठेव.”

आजींची सूचना महत्त्वाची होती. कळीच्या चुन्यात पाणी पडले की तो उकळल्यासारखा फसफसतो आणि त्याचे शिंतोडे डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते. चुना नेहमी पाण्यात थोडा थोडा सोडावा, त्यावर एकदम पाणी ओतू नये. भांडे धातूचे व रुंद घ्यावे. डोळ्यांवर चष्मा व हातात मोजे असावेत. भिजवलेला चुना रात्रभर मुरू द्यावा, दुसऱ्या दिवशी गाळावा आणि त्यात तांदळाची खळ किंवा डिंकाचे पाणी मिसळावे, म्हणजे तो छताला धरून राहतो. छत आधी झाडून-धुऊन घ्यावे. पहिला हात आडवा व दुसरा उभा द्यावा. काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे, कारण तापलेल्या स्लॅबवर चुना लागताच सुकतो आणि त्याचे पोपडे निघतात.

काळपट सिमेंट ऊन पिते, तर पांढरा पृष्ठभाग त्यातील मोठा भाग परतवून लावतो. खोलीतील उकाडा त्यामुळे काही अंशांनी उतरतो. ही युक्ती जुनी असली तरी आता शहरांच्या नियोजनातही तिला स्थान मिळाले आहे. अहमदाबादेत मे २०१० मध्ये उष्णतेची भीषण लाट आली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेला तोंड देण्याचा कृती आराखडा तयार केला आणि पुढे वस्त्यांमधील छतांना पांढरा रंग देण्याच्या मोहिमेची त्यात भर पडली. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

छतावर चढलोच आहोत तर भेगाही पाहून घ्याव्यात, हे मुलाला सुचले. भेग सरळ बुजवण्यात अर्थ नसतो. ती खरवडून रुंद करावी, धूळ काढून ओली करावी आणि मग भरावी. सिमेंटचे काम मेच्या उन्हात केले तर त्यातील पाणी उडून जाते आणि नव्या भरावालाच भेग पडते. त्यावर ओले गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारावे लागते. हे काम चुन्याच्या आधी होणे आवश्यक आहे. या घरात ते आधी झाले नाही. मुलाला भेग दिसली ती चुना देऊन झाल्यावर. परिणामी तेवढा पट्टा पुन्हा रंगवावा लागला आणि आजींच्या कुरडया चार दिवस लांबल्या. आजींनी त्याबद्दल काही म्हटले नाही, पण त्या चार दिवसांत गच्चीकडे फिरकल्याही नाहीत.

पत्र्याच्या छपरावरही पांढरा रंग दिला. त्यावर बांबूचे तट्टे तारेने बांधले. मेमध्ये दुपारनंतर धुळीची वादळे येतात, तेव्हा सैल पत्रा उडून रस्त्यावरच्या माणसाला लागू शकतो. म्हणून पत्र्याचे हूक आणि वायसर एकेक करून तपासले. ज्यांच्या घरावर सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉस पत्रे आहेत, त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, तो पिचून माणूस खाली कोसळतो. चढणे टाळता येत नसेल तर आडवी फळी टाकून तिच्यावरून जावे. तसेच तो पत्रा कोरडा घासू किंवा कापू नये. त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

पाठगत प्रश्न – १

(अ) उन्हाळ्यात आधी छपरावर खर्च करावा, असे लेखात का म्हटले आहे?
(आ) पत्रा आणि स्लॅब यांच्या तापण्यात कोणता फरक आहे? त्यानुसार सुनेने वेळापत्रकात कोणते बदल केले?
(इ) ‘कुरडया चार दिवस लांबल्या’ याचे कारण एका वाक्यात लिहा.

४. कूलर

मध्य भारतातील उन्हाळ्याचा सर्वांत जवळचा सोबती म्हणजे कूलर होय. यंत्र साधे आहे. पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची कोरडी हवा त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो आणि पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्च होते. एक लीटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. माठातील पाणी याच नियमाने गार होते आणि खिडकीवरचा वाळ्याचा पडदाही याच नियमाने खोली निववतो. हवा जितकी कोरडी, तितका कूलर परिणामकारक असतो. म्हणूनच मेमध्ये तो वरदान वाटतो आणि जुलैमध्ये त्याच खोलीत अंग चिकचिकते. समोरची खिडकी बंद ठेवून कूलर लावणाऱ्यांना दमटपणा जाणवतो. आलेल्या हवेला बाहेर जाण्याची वाट ठेवावीच लागते.

वातानुकूलन यंत्राच्या तुलनेत कूलर स्वस्त पडतो. दोनशे वॉटचा कूलर दहा तास चालला तर विजेचे दोन युनिट खर्च होतात. दीड हजार वॉटचे वातानुकूलन यंत्र तेवढाच वेळ अखंड चालले तर पंधरा युनिटपर्यंत मजल जाते. जुन्या घरातील वायरिंगला तो भार पेलेल की नाही, हाही प्रश्न असतो.

परंतु कूलरच्या बाबतीत दोन धोके गंभीर आहेत. पहिला विजेचा. लोखंडी पेटी, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले, आणि पंपाची वायर कोठे उघडी पडलेली असली, तर स्पर्श करताच धक्का बसतो. उत्तर व मध्य भारतात दर उन्हाळ्यात अशा अपघातांत माणसे दगावतात आणि त्यांत पाणी भरणाऱ्या स्त्रिया व खेळणारी मुले असतात. कूलर बाहेर काढताच वायरमनकडून त्याची वायर व अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांचाच प्लग वापरावा; तिसरी पिन मोडून दोन छिद्रांत प्लग बसवणे म्हणजे संरक्षणाचा दोर आपल्या हाताने कापणे. पाणी भरताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवावा. मुख्य फळीवर ३० मिलिॲम्पिअरची आर.सी.सी.बी. बसवली असेल, तर विजेची गळती होताच क्षणार्धात प्रवाह तुटतो. या कुटुंबाने त्या वर्षी नव्या पडद्यांचा विचार सोडून ती आर.सी.सी.बी. घेतली. ती दिसत नाही, तिचे कोणी कौतुकही करत नाही, परंतु घरातील सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच होता.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातील साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कूलर पूर्ण रिकामा करून कोरडा ठेवावा. केवळ पाणी ओतून देणे उपयोगाचे नाही. या डासाची अंडी टाकीच्या कडेला पाण्याच्या रेषेवर चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. कडा घासून पुसणे हेच खरे काम. नातीने रविवारची ही जबाबदारी आपल्याकडे घेतली. प्लग काढण्याचे काम मात्र वडिलांचे.

५. पाण्याचा हिशेब

रायपूरला खारून नदीचे पाणी मिळते. उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढते आणि नळाच्या वेळा पाळाव्या लागतात. दर सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसभरात सुमारे २० लीटर पाणी वाया घालवतो. नळाचा वायसर बदलण्यास पंधरा मिनिटे लागतात. गच्चीवरील टाकी ऐन टंचाई सुरू होण्यापूर्वी, चैत्रातच धुऊन घ्यावी, म्हणजे धुण्यात गेलेले पाणी जड वाटत नाही. टाकीच्या झाकणाला फट असेल तर तीही याच वेळी बुजवावी.

पावसाचे पाणी साठवायचे असेल तर पन्हळ आणि नळ्या उन्हाळ्यातच बसवाव्या लागतात. याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लीटर पाणी मिळते. या घराचे स्लॅबचे छत सुमारे २० चौरस मीटर आहे. एखाद्या सायंकाळी ३० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यावरून ६०० लीटर पाणी वाहून जाते. थोडे कमी धरले तरी तीन पिंपे सहज भरतील. पहिल्या पावसाचे पाणी छतावरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, ते मात्र सोडून द्यावे.

पाठगत प्रश्न – २

(अ) कूलरमधील पाणी ओतून दिले तरी कडा का घासाव्या लागतात?
(आ) तुमच्या घराच्या छताची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा. १० मिलिमीटर पावसात त्यावर किती लीटर पाणी पडेल?

६. कवेलू फेरणे

सर्व कामांत अवघड आणि सर्वांत घाईचे काम म्हणजे माजघरावरील कवेलू फेरणे. महाराष्ट्राच्या इतर भागांत यालाच ‘घर शाकारणे’ किंवा ‘कौले चाळणे’ म्हणतात. ते फार आधी करून चालत नाही, कारण माकडे, मांजरे आणि वादळी वारा पुन्हा कवेलू हलवतात. फार उशीर केला तर पावसाने गाठण्याची भीती असते. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते आणि मोसमी पाऊस रायपूरला साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो. त्यामुळे मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला आठवडा एवढेच दिवस हाती असतात. ते दिवस नवतप्याचेच असतात. पहाटे साडेपाचला काम सुरू करून नऊपर्यंत थांबवणे, हाच त्यावर उपाय.

या कामात तरबेज असलेले कारागीर आता मोजकेच राहिले आहेत. नळीसारखे अर्धगोल देशी कवेलू चाकावर घडवणारे कुंभारही कमी झाले. मंगळूरमध्ये बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि तेथील चपटी, खाचेची कौले देशभर गेली. त्यानंतर पत्रा आला, मग स्लॅब. आता देशी कवेलू हवे असल्यास पुष्कळदा मोडलेल्या घरांचे जुने कवेलू शोधावे लागतात. या घरात काम करणारे वृद्ध कारागीर शेजारच्या खेड्यातून येत. मुलगा त्यांना ‘कका’ म्हणे आणि ते आजींना ‘दाई’ म्हणत. छत्तीसगडीत हे शब्द काकासाठी व आईसाठी आहेत.

काम पाहण्यासारखे असते. छपरावर शिडी आडवी टाकून तिच्यावर बसतात, म्हणजे माणसाचा भार एका कवेलूवर पडत नाही. एकेक ओळ उतरवून खाली देतात. खालचा माणूस कवेलू बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत आवाज आला तर तो चांगला, बद्द आवाज आला तर त्यास केसासारखी भेग आहे असे समजून बाजूला काढतो. साचलेली माती, पालापाचोळा आणि चिमण्यांची घरटी काढली जातात. कवेलूखाली विंचू असतो, क्वचित सापही असतो. म्हणून उघडा हात आत घालत नाहीत. मग वासे आणि त्यांवरील कामट्या तपासतात. लाकूड पोकळ वाजले किंवा त्यावर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी लागली आहे असे समजावे. पुन्हा रचताना वळचणीपासून आढ्याकडे जातात. खालची ओळ उताणी, तिच्या दोन कडांवर वरची ओळ पालथी. वरचा कवेलू खालच्यावर पुरेसा चढला नाही, तर वाऱ्याबरोबर पाणी उलटे आत शिरते.

आपल्या भाषेतील किती शब्द या छपराने दिले आहेत, हे येथे सहज लक्षात येते. छपराचा सर्वांत उंच, मधला भाग तो आढे. भिंतीबाहेर आलेला खालचा भाग ती वळचण. तेथून पावसाळ्यात ओघळणाऱ्या धारा त्या पागोळ्या. ‘आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच’, ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’, ‘घर फिरले की वासेही फिरतात’ या म्हणी व वाक्प्रचार ज्यांनी रचले, त्यांनी छपराखाली निजून वासे खरोखर पाहिले होते. स्लॅबच्या खोलीत वाढलेल्या नातीला यांचा अर्थ पाठ होता, पण वळचण म्हणजे कोणता भाग हे तिने त्या दिवशी पहिल्यांदा बोट ठेवून विचारले.

काम चालू असताना ककांनी मुलाला एक गोष्ट दाखवली. आढ्याजवळच्या एका वाशाचे टोक वाळवीने खाल्ले होते. वासा बदलला तर त्या वर्षीचा खर्च वाढणार होता आणि न बदलता वर कवेलू ठेवले तर खालून काही दिसले नसते. मुलाने आजींकडे पाहिले. बाज त्याच वाशाखाली टाकलेली होती. वासा बदलला गेला. ताडपत्री घेणे पुढच्या महिन्यावर ढकलले.

७. पहिली सर

त्या वर्षी मृगाचे चार दिवस कोरडे गेले. पाचव्या दिवशी सायंकाळी पश्चिमेकडून काळोख दाटून आला, धुळीचा लोट उठला आणि टपोरे थेंब वाजू लागले. पत्र्यावरचे तट्टे जागचे हलले नाहीत. स्लॅबच्या खोलीत भेगेच्या जागी ओल दिसते का, म्हणून सून दिवा घेऊन उभी राहिली. छत कोरडे होते. माजघरात गेल्या वर्षी जेथे बादली ठेवावी लागे, तेथे आजी पाटावर बसून वर पाहत होत्या. पागोळ्या अंगणात सरळ रेषेत पडत होत्या.

अर्ध्या तासाने कोपऱ्यातल्या दाराजवळ एक थेंब पडला, थोड्या वेळाने दुसरा. मुलगा उठू लागला तेव्हा आजींनी त्याला थांबवले. त्यांनी चुलीजवळचा कोळशाचा तुकडा मागवला, थेंब पडला त्या जागी जमिनीवर फुली काढली आणि तिच्यावर वाटी ठेवली. पाऊस थांबल्यावर ककांना निरोप गेला.

शब्दार्थ

वाळा – सुगंधी मुळे असलेले एक गवत, खस. तट्टा – बांबूच्या पट्ट्यांचा विणलेला जाड पडदा. खळ – भाताचे किंवा पिठाचे चिकट पाणी. वासा – छपराचा भार तोलणारे लांब लाकूड. कामट्या – बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या. पन्हळ – छपराचे पाणी वाहून नेणारी उघडी नळी. बद्द – फुटक्या भांड्यासारखा (आवाज). बाज – दोरीने विणलेली खाट.

स्वाध्याय

१. आजी व सून यांच्यातील चुन्याविषयीचा संवाद पुन्हा वाचा. दोघींची बाजू प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत मांडा. तुम्ही त्या घरात असता तर कोणते काम आधी केले असते? कारण द्या.

२. ‘वासा बदलला गेला, ताडपत्री घेणे पुढच्या महिन्यावर ढकलले.’ या निर्णयामागील विचार स्पष्ट करा.

३. पुढील म्हणी व वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : आढ्याचे पाणी वळचणीला, खाल्ल्या घरचे वासे मोजणे, घर फिरले की वासेही फिरतात.

४. कौल, कवेलू, खपरा हे एकाच वस्तूचे तीन शब्द पाठात आले आहेत. तुमच्या परिसरात एकाच वस्तूसाठी वापरले जाणारे असे निरनिराळे शब्द शोधून लिहा आणि कोणता शब्द कोणाच्या तोंडी असतो, तेही नोंदवा.

५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारून त्यांच्या लहानपणी पावसाळ्यापूर्वी घराची कोणती कामे होत असत, याविषयी पंधरा ओळी लिहा.